शैलाबाईंचा काल

शैला,

उद्या मला तुझ्या वर्गात जायचं आहे. आणि हो, उद्याच म्हणतेय मी, काल नाही. तू असतीस तर लगेच डिवचलं असतंस, "बघा, आमच्या व्याकरणबाई रडतानासुद्धा शुद्ध रडतात." तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकलं.

दिवाळीची सुट्टी संपली. सकाळी शाळा उघडेल आणि पहिली-दुसरीची तुझी पोरं नवे बूट मिरवत दाराशी गर्दी करतील. त्यांना अजून काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा निम्मी शाळा गावाला होती, कुणी जळगावला आजीकडे, कुणी सुरतेला मामाकडे. दुपारी मोहितेसरांचा फोन आला. म्हणाले, "विजयाबाई, सध्या तिसरी-चौथीबरोबर तो वर्गही तुम्हीच सांभाळा. आणि मुलांना उगाच काही बोलू नका. शैलाबाई गावी गेल्यात म्हणू. लहान आहेत, हळूहळू विसरतील."

मी "बरं सर" म्हणून फोन ठेवला आणि मग मला असा संताप आला की सांगता सोय नाही. विसरतील म्हणे! तुला! पण संताप ओसरल्यावर लक्षात आलं की मुख्याध्यापक म्हणून ते जे बोलले तेच मीही एकेकाळी म्हणत होते, त्यावरून तुझ्याशी तावातावानं भांडले होते. ते भांडण अर्धंच राहिलंय. म्हणून रविवारची दुपारची झोप सोडून बडोद्यातल्या अकोट्याच्या माझ्या घराच्या या गॅलरीत बसलेय तुझ्याशी बोलायला. पोरांना खरं सांगू की नको? तुझ्याशी वाद घातल्याशिवाय माझं काही ठरत नाही, ही वाईट खोड तूच लावलीस मला.

तुझ्या नवऱ्याचा, रमेशरावांचा फोन आला तेव्हा मी फराळाचे डबे घासत होते. ते म्हणाले, "विजयाताई, शैला गेली." आणि मी, ओल्या हातानं फोन कानाशी धरून, काय विचारलं असेन? "कुठे? धुळ्याला?" तुझं माहेर धुळ्याचं, भाऊबीजेला जायचं म्हणत होतीस, म्हणून माझ्या तोंडून आपसूक तेच निघालं. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा, शैला, आणि एवढं साधं क्रियापद मला कळलं नाही. कळायचं नव्हतं, असंच म्हणते आता.

तरसालीला तुझ्या घरी आले तेव्हा तुला भिंतीशी ठेवलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं आणि मग सारखी दाराच्या खुंटीकडे बघत राहिले. तिथे तुझी शाळेची पिशवी लटकत होती, कात्री आणि रंगीत कागदांची गुंडाळी बाहेर डोकावत होती. निघताना रमेशरावांनी माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. म्हणाले, "मुलांसाठी करून ठेवल्या होत्या तिनं. शाळा उघडली की न्यायच्या होत्या." डबा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. मी उघडला नाही. आत काय आहे ते मला माहीत आहे, आणि त्या दगडासारख्या कडक असणार हेही माहीत आहे. मोहन जास्त घाल, म्हणून किती वर्षं सांगितलं तुला.

आपलं पहिलं भांडण आठवतं? तू नवीन आलेली, तुझा वर्ग पलीकडे, मधे फक्त लाकडी पडदी. तिकडून एक पोरगा म्हणाला, "बाई, मी चोपडी काल आणीन." आणि तू शांतपणे म्हणालीस, "बरं, पण काल नक्की आण हं." मी इकडे खडू हातात धरून थिजले. मधल्या सुट्टीत तुला गाठलं. "अहो बाई, काल म्हणजे मागचा दिवस. पुढचा तो उद्या. इथे गुजरातीत दोन्हीला कालेच म्हणतात, म्हणून पोरं गोंधळतात. आपण सुधारायचं का आपणही त्यांच्यासारखंच बोलायचं?" तू डब्यातली भाकरी मोडत म्हणालीस, "पण तुम्हाला कळलं ना, तो कधी आणणार ते?"

"कळलं, पण..."

"कसं कळलं? आणीन म्हणाला म्हणून. आणीन म्हटलं की पुढचं, आणली म्हटलं की मागचं. सगळं काम क्रियापद करतंय. मग बिचारा काल हवा त्या बाजूला उभा राहिला तर तुमचं काय जातं?"

"परीक्षेत मार्क जातात," मी म्हणाले. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. त्या दिवसापासून आपण अहोवरून अगंवर आलो आणि मी व्याकरणबाई झाले.

मला नवल एकाच गोष्टीचं वाटायचं. मी बडोद्यात जन्मले. आमचे पूर्वज इथल्या सरकारच्या फौजेत चाकरीला आले ते इथलेच झाले. पिढ्या गेल्या, शेजारीपाजारी, दुकानदार, भाजीवाली, सगळ्यांशी गुजराती. मराठी उरली ती चार भिंतींच्या आत, म्हणून मी तिला पदराखाली झाकून ठेवायची. आणि तू खास खानदेशातून, अस्सल मराठी मुलखातून लग्न होऊन आलेली, तू मात्र आल्या आल्या केम छो, सारू छे, वांधो नाही करत सगळ्यांच्या घरात शिरलीस. तुला भीतीच नव्हती मराठी हरवायची. "जिचं घर भरलेलं असतं ती दार उघडं टाकते," एकदा मी चिडून म्हणाले. तू म्हणालीस, "अगं, दार उघडं टाकलं म्हणूनच घर भरलंय." नावनोंदणीच्या दिवसांत एक गुजराती आई आपल्या लेकाला घेऊन आली होती, नवरा मराठी म्हणून मराठी शाळा. पोरं तुला बाई बाई करतात हे ऐकून ती दचकली. "बाई? ए तो कामवाळीने कहेवाय!" मी उत्तर शोधेपर्यंत तू म्हणालीस, "ते काम तो करीए ज छीए ने, बेन!" कामं तर करतोच की आम्ही! आणि खरोखरच त्याच वेळी तुझ्या एका हातात केरसुणी होती आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी शेंबडं नाक. तिनं नाव घातलं पोराचं.

तुझ्या वर्गात खिडकीला सुतळी बांधलेली आहे. तिच्यावर वारांच्या सात पुठ्ठ्याच्या चकत्या आणि कपडे वाळत घालायचा लाल चिमटा. रोज सकाळी एक मूल वारवाला किंवा वारवाली व्हायचं, बाकावर चढून चिमटा पुढच्या चकतीवर लावायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, काल रविवार होता, आज सोमवार आहे, उद्या मंगळवार येणार. निम्मी पोरं उद्याच्या जागी कालच म्हणायची. पडदीच्या अलीकडून मी मुद्दाम खाकरायचे. तू मुद्दाम मोठ्यानं म्हणायचीस, "शाबाश!" पुढे पोरं तिसरीत माझ्याकडे आली की मी तो काल खरडून काढायचे आणि त्याच्या जागी उद्या बसवायचे. वर्षानुवर्षं आपला हा धंदा चालला, तू पेरायचीस आणि मी खुरपायचे. आणि पोरं हुशार, ती तुझ्याकडे गेली की काल म्हणायची आणि माझ्याकडे आली की उद्या.

नवरात्रात आपण भोंडला करायचो. मैदान कसलं, आपलं अंगणच ते, स्टेशनकडून गाड्यांची अनाऊन्समेंट ऐकू येणारं. मधे पाटावर हत्ती काढायचा, भोवती पोरींनी फेर धरायचा, पोरंही घुसायची. दोन फेऱ्या नीट व्हायच्या आणि तिसरीला पावलं आपोआप गरब्याची पडायची, वाकून टाळी, गिरकी. मी ओरडायचे, "भोंडल्यात टाळी नसते गं!" तू फेरातूनच ओरडायचीस, "हत्तीची हरकत नाही, विचार त्याला!" मग खिरापत ओळखायची. तू डबा पोरांच्या कानाशी नेऊन खुळखुळवायचीस. "खमण!" "फाफडा!" "जलेबी!" एकदा मी स्वतः वाटली डाळ करून आणली होती, आमच्या आईच्या हातची पद्धत, निदान एक तरी मराठी चव पोरांच्या जिभेवर जावी म्हणून. पहिल्याच घासाला सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "ही तर सेवखमणी आहे! फक्त सेव नाही!" झाली माझी मराठी डाळ गुजराती. तू तोंडाला पदर लावून खांबामागे गेलीस. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. किती मूर्ख म्हणावं मला, हातातले दोन दिवस असे घालवले.

पण मी आज बसलेय ते यासाठी नाही. रडायच्या बाकासाठी बसलेय.

पहिलीच्या पोरांना जूनमध्ये आया सोडून जायच्या आणि शाळाभर भोकाड पसरलेलं असायचं. मी म्हणायचे, रडू नका, शहाणी मुलं रडत नाहीत. तू दाराजवळचा जुना बाक रिकामा केलास आणि सांगितलंस, हा रडायचा बाक. ज्याला रडू येतंय त्यानं इथे बसायचं, पोटभर रडायचं, झालं की परत जागेवर यायचं. आणि एक नियम, रडणाऱ्याबरोबर एकानं बसायचं. गप्प बसायचं, समजूत घालायची नाही. मला वाटलं, आता पोरं दिवसभर त्या बाकावरच मुक्काम ठोकतील. कसलं काय. नुसतं तिथे जायला मिळतं म्हटल्यावर निम्म्यांचं रडू वाटेतच संपायचं.

आणि मग हजेरी मेली. आपली मांजर, तू हजेरी घ्यायला लागलीस की नेमकी दारात येऊन बसायची म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. शाळेसमोरच्या रस्त्यावर रिक्षाखाली आली. आपल्या शिपाई मगनकाकांनी पोरं यायच्या आत तिला उचललं आणि पोरांना सांगितलं, "ए तो गाम गई." पोरांनी लगेच विचारलं, "मग काल येणार?" मला ते उत्तर पसंत होतं. गावी गेली, संपलं. तू मात्र खाली मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "नाही रे. हजेरी मेली. ती आता येणार नाही." असा आकांत झाला! बाकावर रांग लागली, ज्यांना जागा मिळाली नाही ते खाली बसून रडले. मला बघवेना. शाळा सुटल्यावर नेहमीप्रमाणे तुला बस स्टॅंडपर्यंत सोडायला निघाले, तू चालत आणि मी स्कूटर हातानं ढकलत, कारण गाडीवर बसलं की भांडता येत नाही. मी म्हणाले, "सहा वर्षांच्या पोरांना इतकं खरं कशाला सांगायचं? निर्दय आहेस."

तू म्हणालीस, "गावी गेली म्हटलं तर रोज सकाळी दाराकडे बघत बसतील. ते बरं का? आज रडतील, काल खेळतील."

"उद्या खेळतील," मी म्हणाले.

"तेच ते," तू म्हणालीस, आणि बस आली.

दुसऱ्या दिवशी पोरं खेळली, हे मी पाहिलं. पण तू बरोबर होतीस हे काही मी कबूल केलं नाही, आणि तूही पिच्छा पुरवला नाहीस. नंतर कधीही तो विषय निघाला की आपण एकमेकींकडे बघून फक्त "हं" म्हणायचो.

सुट्टी लागायच्या दिवशी, त्या शनिवारी, आपण अशाच निघालो होतो. पोरांनी फाटकातून ओरडून कान किटवले होते, "आवजो बाई! रजा पडली!" स्टॅंडवर दिवाळीची गर्दी होती. तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "विजू, तुला एक सांगायचंय." मी म्हणाले, "सांग की." एवढ्यात तरसालीची बस लागली आणि लोक तिच्यावर तुटून पडले. तू पदर खोचून घुसलीस, कशीबशी खिडकी मिळवलीस, आणि बस सुटताना मान बाहेर काढून, मला चिडवायला, खास माझ्यासाठी ओरडलीस, "काल सांगते!"

"उद्या म्हण!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. तू हात हलवत होतीस.

काय सांगायचं होतं गं? मी रमेशरावांना विचारलं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मुलाच्या लग्नाचं होतं? शाळेचं होतं? तुझी तब्येत बरी नव्हती आणि तू लपवत होतीस? का नुसतंच, चकलीत मोहन किती घालतेस ते विचारायचं होतं? मी त्या एका वाक्यात बोटं घालून घालून थकले. संध्याकाळ होत आली इथे. अजून काही ठरत नाही.

*

सोमवार, दुपार. शाळा सुटली. सगळे गेले. मी तुझ्याच वर्गात बसून लिहितेय.

सकाळी दाराशी आले तेव्हा माझ्या एका हातात किल्ली, दुसऱ्यात तुझा डबा आणि तोंडात मोहितेसरांचं वाक्य तयार होतं. शैलाबाई गावी गेल्यात. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तेच ठरवलं होतं मी. तुझ्यासारखी छाती नाही माझी. पोरं आत शिरली, दप्तरं आपटली, आणि माझ्याकडे बघून त्यांना काहीच वाटलं नाही. पोरं मला मोठ्या बाई म्हणतात; मोठ्या बाई अधूनमधून येतात, त्यात काय. चिमटा शनिवारीच अडकलेला होता, सुट्टी लागायच्या दिवशी लावलेला. हेतवीची पाळी होती. पाटलांची हेतवी, दोन शेंड्यांवाली. ती बाकावर चढली, चिमटा काढला, रविवार ओलांडला आणि सोमवारला लावला. घसा साफ करून म्हणाली, "काल रविवार होता, आज सोमवार आहे, काल मंगळवार येणार."

माझ्या घशाशी खाकरणं आलं. पण शाबाश म्हणणारं कुणी नव्हतं, मग खाकरू कुणासाठी? तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सगळी पोरं माझ्याकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती. शाबाश कुठून येते ते शोधत होती. हजेरी मेली तेव्हा तू जे सांगितलंस ते मला तेव्हा कळलं नव्हतं, ते त्या माना वळलेल्या बघून कळलं. अशी रोज बघतील, शैला. दिवाळीपासून होळीपर्यंत बघतील.

मी मांडी घालून खाली बसले. गुडघे कुरकुरले. म्हणाले, "मुलांनो, एक वाईट गोष्ट सांगायची आहे. आपल्या शैलाबाई वारल्या."

पार्थनं हात वर केला. "बाई, कुठल्या वारी?"

त्याची काय चूक? सात चकत्या, एक चिमटा, वार म्हणजे तोच त्याला माहीत. मी निवर्तल्या म्हणू शकले असते, देवाघरी गेल्या म्हणू शकले असते, आणि मग पार्थनं विचारलं असतं, कुठल्या गाडीनं. माझ्याजवळ शब्दांची एवढी पोतडी आणि एकही उपयोगाचा नाही. शेवटी जो शब्द माणसाबद्दल, आणि तोही बाईंबद्दल, कुणा पोरानं काढला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं, तोच माझ्या तोंडून निघाला. "आपली हजेरी मेली होती ना? तशा शैलाबाई मेल्या. त्यांच्या छातीत दुखलं आणि त्या मेल्या. आता त्या येणार नाहीत."

हेतवी अजून बाकावरच उभी होती. चिमटा लावलेली सुतळी तिनं हातात धरून ठेवली होती. तिनं विचारलं, "काल पण नाही?"

शैला, इतकी वर्षं या एका शब्दावर मी लाल शाई सांडली. मी तिला सुधारलं नाही. मी म्हणाले, "नाही, बाळा. काल पण नाही." आणि मग मोठ्या बाई, ज्यांना पाहून चौथीची पोरं चपला सरळ लावतात, त्या पहिलीच्या वर्गात फरशीवर बसून हुंदके देत होत्या. हेतवी बाकावरून उतरली. माझ्याजवळ आली, माझं बोट धरलं आणि म्हणाली, "बाई, रडायचं इथे नाही. रडायचं तिथे. चला, मी बसते बरोबर."

तिनं मला नेऊन बाकावर बसवलं. पहिलीचा बाक, माझे गुडघे हनुवटीला लागत होते. ती शेजारी गप्प बसली, तू शिकवलंस तशी. समजूत घातली नाही. हळूहळू एकेक पोर यायला लागलं, बाक भरला, मग खाली बसली, कुणी रडत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं कारण नियम आहे. आवाज ऐकून मोहितेसर दारात आले. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी एकदा वर्गाकडे बघितलं, चष्मा काढला आणि चौकटीला टेकून खाली बसले, मगनकाकांच्या शेजारी. मगनकाका केव्हा आले होते देव जाणे.

पुष्कळ वेळानं हेतवी उठली आणि मला म्हणाली, "झालं की या हां जागेवर." आणि गेली.

मग मी तुझा डबा आणला. आधी उघडला नाही. पोरांच्या कानाशी नेऊन खुळखुळवला. पार्थ नाक पुसत म्हणाला, "चकरी?" मी म्हणणार होते, चकरी नाही रे, चकली. म्हणाले, "शाबाश." वाटल्या. कडक होत्या, शैला. शपथेवर सांगते, दगड होत्या. सगळा वर्ग कडाम कुडुम करत खात होता आणि दुसरा कुठलाच आवाज नव्हता. एक मी पिशवीत टाकलीय. खाणार नाही, माझे दात नाहीत तेवढे.

आपलं अर्धं राहिलेलं भांडण तू जिंकलीस. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, स्टॅंडच्या वाटेवर, गाडी ढकलत. तू हसली असतीस आणि मी म्हटलं असतं, फार माजू नकोस, कालचं अजून बाकी आहे. तेही घे आता. तुझं खरं होतं, काल कुठला ते क्रियापदच सांगतं. मला ते आता चांगलंच कळतं, कारण तुझ्याबद्दल बोलायला गेले की माझं प्रत्येक क्रियापद मागे जाऊन पडतं. होतीस. म्हणायचीस. हसलीस. पुढचं एकही तुला लावता येत नाही, मोडतं ते. कालपासून मी असलीच क्रियापदं लिहितेय, आणि तुला माहीत आहे, चुकीचं लिहिणं मला जमत नाही.

आता खिडक्या लावते. चिमटा सोमवारीच राहू दे, सकाळी पार्थची पाळी आहे. मग गाडी घेऊन निघेन, आणि मला ठाऊक आहे, स्टॅंडपर्यंत ती ढकलतच नेईन. तरसालीची बस येईल, भरेल, जाईल. मी तिथे थोडा वेळ उभी राहीन. तू सांगायचं बाकी ठेवलं आहेस ना, म्हणून.

एकदाच म्हणते, परत म्हणायला लावू नकोस. तुझ्या पोरांच्या भाषेत म्हणते, आणि खाकरत नाही.

शैला, काल भेटू.